कागद आहे ना

विमानतळाच्या मागच्या अंगाला, जिथून फक्त माल जातो, तिथे पत्र्याच्या छताची एक बुटकी कचेरी आहे. परदेशी निघालेलं प्रत्येक कुत्रं, मांजर आणि पिंजऱ्यातलं पाखरू या कचेरीतून पुढे जातं, आणि इथून पुढे जायचं म्हणजे शिक्केबाईंच्या हाताखालून जायचं. बाई सरकारी पशुवैद्य. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते वाचायच्या मनःस्थितीत कोणी नसतं. गोल शिक्का बाईंच्या हातात, जांभळ्या शाईची गादी बाईंच्या खणात, आणि तो शिक्का उमटेपर्यंत भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं, म्हणून त्या शिक्केबाई.

नियम तसे सोपे आहेत. आधी जनावराच्या मानेत, कातडीखाली, तांदळाएवढी चिप बसवायची. मग रेबीजची लस टोचायची. उलट केलं तर लस धरत नाहीत, कारण ती नेमकी याच कुत्र्याला टोचली याला पुरावा काय? मग महिनाभराने रक्त काढून प्रयोगशाळेत पाठवायचं, लस अंगी लागली की नाही ते बघायचं, त्यावर तीन महिने थांबायचं, आणि निघायच्या तोंडावर तब्येतीचा दाखला घ्यायचा. एवढंच. पण माणसं आधी तिकीट काढतात, सामान बांधतात, शेजाऱ्यांचा निरोप घेतात, आणि मग त्यांना आठवतं की अरे, कुत्रा! अशांना बाई चहासुद्धा विचारत नसत. एका बड्या अधिकाऱ्याच्या मेहुणीची मांजर त्यांनी तीनदा परत पाठवली होती. मेहुणी रडली, अधिकाऱ्याचा फोन आला, वरून दट्ट्या आला, बाई ढिम्म.

लोक म्हणायचे, या बाईला मुक्या जनावरांची माया नाही. लोक बरोबर बोलत होते. बाई मायेपोटी या खात्यात आल्याच नव्हत्या. त्या एका माणसासाठी आल्या होत्या. कधीतरी तो किंवा त्याचा कागद या टेबलावर येणार हे धरून, त्या इतकी वर्षं दबा धरून बसल्या होत्या.

बाईंचे वडील घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचत. मीटर नेहमी जिन्याखाली नाहीतर अंधाऱ्या बोळकांडीत, म्हणून उजव्या हातात कायम बॅटरी. पुष्कळ मीटरवाले ओट्यावर बसून अंदाजाने आकडा टाकत. बाबांनी मीटर डोळ्यांनी बघितल्याशिवाय आकडा कधी लिहिला नाही. त्यामुळे कागदावर लिहिलेली गोष्ट खोटी असू शकते, हे त्यांच्या डोक्यातच शिरत नसे.

एका बंगल्याच्या फाटकात तिथल्या लाडावलेल्या कुत्र्याने त्यांची पोटरी फोडली. बंगल्याच्या मालकाने सांगितलं, घाबरू नका, आमच्या डॉक्टरांना विचारा. सुट्टीचे दिवस होते, शाळकरी मुलगी बाबांबरोबर हिंडायला आली होती. जनावरांच्या त्या मोठ्या दवाखान्याच्या अंगणात बाबा पोटरीला फडकं बांधून उभे राहिले, मुलीने बॅटरी धरली होती. बाबांनी विचारलं, "साहेब, सुया घ्यायला लागतील का हो?"

डॉक्टर खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "छे छे! काही होत नाही. कागद आहे ना." आणि त्यांनी खणातून दाखला काढून दाखवला. कुत्र्याचं नाव, लसीची तारीख, खाली झोकदार सही. बाबांनी तो वाचला, मान डोलावली, आभार मानले आणि ते पुढच्या मीटरकडे गेले. दोन महिन्यांनी एका सकाळी त्यांनी पाण्याचा पेला तोंडाशी नेला आणि अंगावर विंचू पडावा तसा भिरकावून दिला.

त्यानंतरचं बाई कोणाला सांगत नसत. आई पेला घेऊन उशाशी बसली होती, एक घोट, फक्त एक घोट म्हणत, आणि बाबा तिच्या हातातल्या पेल्याकडे बघून किंचाळत होते, एवढं पुरे आहे. चौकशी झाली. डॉक्टरांनी दाखला पुढे केला. कागदावर लस होती, म्हणजे त्या कुत्र्याला रेबीज नव्हता, म्हणजे मीटरवाल्याला दुसरंच कुठलंतरी कुत्रं चावलं असणार. बंगल्यातलं कुत्रं तोवर मरून बागेत पुरलंही गेलं होतं. फाईल बंद.

तेव्हापासून आईला एक सवय जडली. घरात कोणीही पाणी प्यायला लागलं की तिचा हात जिथल्या तिथे थांबतो, आणि घोट घशाखाली उतरेपर्यंत ती बघत राहते. पाहुणे अवघडतात. बाईंना त्याची सवय झाली आहे.

तर असा तो माणूस, एके दिवशी सकाळी, आपल्या पायांनी चालत कचेरीत आला.

याआधी त्याच्या सहीचे दाखले शेकड्यांनी आले होते. बाईंनी प्रत्येकात खुसपट काढलं होतं, तारीख पुसट आहे, शिक्का तिरका आहे, पण पकडण्यासारखं काही हाती लागलं नव्हतं. आज डॉक्टर स्वतः समोर होते. केस पांढरे, चष्मा सोनेरी, शर्टाला कडक इस्त्री. एका हातात फाईल, दुसऱ्या हातात साखळी, आणि साखळीच्या टोकाला तपकिरी ठिपक्यांची, पोटाला जाड झालेली, गोल डोळ्यांची एक म्हातारी कुत्री.

"नमस्कार मॅडम. आज आम्हीच गिऱ्हाईक." डॉक्टर मोकळेपणाने हसले. "संध्याकाळचं विमान आहे. मुलीकडे निघालो, कायमचा. घर विकलं, दवाखाना विकला. आता मी आणि ही गुंडी. गुंडी, नमस्कार कर मॅडमना."

गुंडीने जांभई दिली. बाई म्हणाल्या, "बसा."

डॉक्टरांनी त्यांना ओळखलं नाही. ओळखणार कसे? अंगणात बॅटरी धरून उभ्या असलेल्या पोरीकडे त्यांनी तेव्हाही पाहिलं नव्हतं.

बाईंनी फाईल उघडली आणि ओळ न् ओळ वाचली. चिपची तारीख लसीच्या आधीची. लसीची मुदत, बॅच, सगळं जागच्या जागी. रक्ताचा अहवाल चोख, तीन महिने कधीच उलटलेले. तब्येतीचा दाखला ताजा. यंत्र मानेवरून फिरवलं, तर चिपचा नंबरही जुळला. इतकी वर्षं ज्याच्यासाठी शिक्का जपून ठेवला, त्याची फाईल अशी की शिकाऊ पोरांना नमुना म्हणून दाखवावी. बाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"अहो मॅडम, किती वाचाल?" डॉक्टर घड्याळ बघत म्हणाले. "तुम्ही परकर-पोलक्यात असाल तेव्हापासून सह्या करतोय मी यांच्यावर."

"हो ना," बाई म्हणाल्या. "मामा, कुत्रीला टेबलावर घ्या. ताप बघायचाय."

मामा म्हणजे कचेरीचे शिपाई, निवृत्तीला आलेले. ते चमकले. दाखला ताजा असला की बाई ताप कधी बघत नसत. हा निव्वळ खोडसाळपणा होता, आणि तो बाईंना मान्य होता. सापडलं नाही काही, तर निदान म्हाताऱ्याला घाम तरी फुटू दे.

मामांनी गुंडीला उचललं. थर्मामीटर लागला मात्र, गुंडी अशी किंचाळली की बाहेरच्या हमालांनी डोकी आत घातली. ती गर्रकन वळली आणि तिने मामांच्या मनगटाजवळ दात रोवले. सोडवायला डॉक्टर आणि बाई दोघंही लागली. टेबलावर रक्ताचे थेंब पडले. बाईंनी मामांचा हात नळाखाली धरला आणि साबण लावून जखम धुवायला सुरुवात केली. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. हा चावा त्यांच्या कुचकेपणाचा होता, मामांचा त्यात काय संबंध?

मामा पांढरेफटक पडले होते. त्यांनी बाईंना नाही, डॉक्टरांना विचारलं, कारण पांढऱ्या केसांपुढे मामा नेहमी नमत.

"साहेब, सुया घ्यायला लागतील का हो?"

डॉक्टर गुंडीच्या पाठीवरून हात फिरवत होते. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. "छे छे! काही होत नाही. कागद आहे ना."

नळ वाहत होता. बाईंना क्षणभर पुढचं काही दिसेना. तेच शब्द. त्यातलं ते 'छे छे'सुद्धा तेच. मग त्यांना कळलं की इतकी वर्षं आपण ज्याची वाट बघत होतो ते फाईलमध्ये नव्हतंच.

मामांना सुया द्यायच्याच, हे त्यांनी रक्त दिसलं तेव्हाच ठरवलं होतं. गाडी बाहेर उभी होती. पण त्यांनी नळ बंद केला, मामांच्या हाताला स्वच्छ फडकं गुंडाळलं आणि खणातून एक कोरा कागद काढून डॉक्टरांपुढे सरकवला.

"मग तेवढं लिहून द्या."

"काय लिहू?"

"की या कुत्रीला लस दिलेली आहे, सबब या माणसाला सुयांची गरज नाही. खाली सही. मी शिक्का मारते, तुम्ही विमानात बसा."

"एवढंच ना?" डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं. झोकात पहिली ओळ लिहिली. दुसरी सुरू केली.

"मामा," बाई म्हणाल्या, "घरी कोण कोण असतं हो तुमच्या?"

"आता बाई, तुम्हाला माहीतच आहे की," मामा गोंधळून म्हणाले. "बायको. दोन मुली. धाकटीचं जमवायचंय अजून."

पेन थांबलं. बाई डॉक्टरांच्या बोटांकडे बघत होत्या. बोटं पेनाला घट्ट धरून होती, पण शाई पुढे सरकत नव्हती. बाहेर कोणीतरी ढकलगाडी नेत होतं, तिचं एक चाक करकरत लांब गेलं.

"तुम्ही... घेऊनच टाका सुया," डॉक्टर मामांकडे न बघता म्हणाले.

"का?" बाईंनी विचारलं.

"खबरदारी म्हणून."

"कागद असताना?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. एकदम त्यांचं वय त्यांच्या अंगावर आलं. "तिला सुई सोसत नाही हो," ते म्हणाले. "पिल्लू असताना एकदा टोचली तर अशी ओरडली की माझी बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. चिप मी तिचं ऑपरेशन केलं तेव्हा भुलीतच बसवली. पुढे दर वर्षी नुसती सही करत गेलो. घरातली कुत्री, उंबरा ओलांडून जाते कुठे?"

"आणि रक्त?"

"दवाखान्यात राखणीला एक कुत्रा होता. त्याला नियमाने टोचायचो. त्याचं काढलं, आणि बाटलीवर हिचा नंबर घातला."

"असे आणखी किती?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग हळूच म्हणाले, "लोकच म्हणायचे, डॉक्टर, ओरडते हो ती, राहू द्या. मोठी माणसं. त्यांना नाही कसं म्हणणार?"

बाईंनी मामांना गाडीत बसवून दवाखान्यात पाठवलं, सोबत चिठ्ठी दिली आणि वाटेत कुठे थांबायचं नाही असं ड्रायव्हरला दरडावलं. मग परत येऊन त्यांनी फाईलवर शिक्का मारला. गोल नव्हे, चौकोनी. जनावर अडवल्याचा. चावलेलं जनावर दहा दिवस सरकारी पिंजऱ्यात नजरेखाली ठेवायचं, हा जगभरचा नियम आहे. त्याला रेबीज असेल तर तेवढ्या मुदतीत ते दाखवतं. आधी खाणं सुटतं, मग पाणी.

डॉक्टरांकडून सगळं लिहून घेतलं. पशुवैद्यांच्या परिषदेला अहवाल गेला, पोलिसांत अर्ज गेला, त्यांचा सहीचा अधिकार काढून घ्यायची शिफारस गेली. डॉक्टर प्रत्येक कागदावर मुकाट्याने सही करत होते. सहीचं त्यांना काहीच वाटत नव्हतं, ना आधी ना आता. गुंडीला पिंजऱ्यात घातलं आणि कडी लावली, तेव्हा मात्र त्यांचा चेहरा पिळवटून निघाला. बाईंनी तो नीट बघून घेतला. आता कळलं, या माणसाला दुखतं कुठे.

"मॅडम, मला याच महिन्यात पोचायला हवं. तिथे राहायला जायची परवानगी तेवढ्या मुदतीचीच आहे. नाहीतर पुन्हा सगळं पहिल्यापासून."

"मग जा की. तुम्हाला कोणी अडवलंय? तुम्ही कुठे चावलात?"

"गुंडीला कोण बघणार?"

"नियमात जे बसेल ते होईल."

"बायको जाताना मला एवढंच म्हणाली हो," डॉक्टर जाळीला धरून म्हणाले, "की गुंडीला टाकू नका."

बाईंना दया आली का? नाही आली. उलट बरं वाटलं. आपल्याला बरं वाटतंय याची लाज वाटायला हवी, असंही एकदा मनात आलं, आणि तो विचार त्यांनी तिथेच झटकला. संध्याकाळी विमान कचेरीच्या पत्र्यावरून धडधडत गेलं. डॉक्टर पिंजऱ्यासमोरच्या बाकावर बसून होते. त्यांनी वर पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते रोज कचेरी उघडायच्या आधी दारात हजर. गावात कुठल्याशा लॉजवर उतरले होते. विमानासाठी आणलेला तो मोठा, महागाचा पिंजरा कोपऱ्यात धूळ खात पडला होता. त्याच्या जाळीला अडकवायची पाण्याची नवी वाटी डॉक्टरांनी काढून गुंडीपुढे ठेवली, कारण सरकारी वाटीतून ती पीत नव्हती. नव्या वाटीतूनही प्यायली नाही.

नवी जागा, नवे वास, शेजारी भुंकणारी परकी कुत्री. अशात पहिले एक-दोन दिवस कुत्रं पाण्याला तोंड लावत नाही, हे बाईंना ठाऊक होतं. डॉक्टरांनाही ठाऊक असणारच, आयुष्य गेलं त्यांचं यात. पण स्वतःवर आली की विद्या पळून जाते. डॉक्टर जमिनीवर उकिडवे बसून वाटी पुढे सरकवत होते. "गुंडी, पी ना ग. एक घोट. फक्त एक घोट."

बाई दारात उभ्या होत्या. एका शब्दाने त्या माणसाचा जीव भांड्यात पाडू शकत होत्या. त्या आत गेल्या आणि दुसरी फाईल उघडून बसल्या.

तिसऱ्या दिवशी गुंडी प्यायली. डॉक्टर जाळीला नाक लावून बघत होते. तिची जीभ पाण्यात जाई तसा त्यांचा स्वतःचा कंठ खालीवर होत होता. वाटी संपेपर्यंत त्यांनी पापणी लववली नाही. ही नजर बाईंच्या घरातली होती. ती इथे, या माणसाच्या चेहऱ्यावर बघून त्यांच्या अंगावर शहारा आला, आणि पाठोपाठ असं समाधान वाटलं की त्यांनी त्या दिवशी दोनदा चहा मागवला.

मग रोज तेच. सकाळी प्यायली म्हणून दुपारी पिईलच याचा भरवसा काय? लाळ जरा जास्त वाटते का? आवाज बसल्यासारखा वाटतो का? लस नाही हे जगात त्यांच्याइतकं पक्कं कोणाला माहीत होतं? स्वतःच्या सहीचा कागद दुसरा कोणीही मानेल, ते मानू शकत नव्हते. बाई रोज घरी गेल्यावर आईला सगळं सांगत, आज कसा बसला होता, आज काय म्हणाला. आई ऐकून घेई. बोलत काही नसे.

मामा सुया घेऊन कामावर परतले. हाताला पट्टी, आणि त्याच हाताने गुंडीला खायला घालत. "तिचं काय चुकलं? नको तिथे कोणी हात लावला तर मीपण चावेन," म्हणत. डॉक्टर त्यांच्याशी गुंडीबद्दल खूप बोलत. हात कसा आहे, हे मात्र त्यांनी एकदाही विचारलं नाही.

सातव्या की आठव्या दिवशी डॉक्टर बाईंच्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. "मॅडम, चूक झाली ती मी कबूल केली. शिक्षा भोगतोय. पण तुम्ही माझ्याकडे अशा का बघता? मी तुमचं काय वाकडं केलंय?"

हे वाक्य बाईंनी हजारदा मनात ऐकलं होतं आणि त्याचं उत्तर हजारदा घोटून ठेवलं होतं. त्यांनी सांगितलं. बंगला. फाटक. पोटरीला फडकं बांधलेला मीटरवाला. छे छे, काही होत नाही. आणि पुढे काय झालं ते.

डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. खरंच प्रयत्न केला त्यांनी. "आठवत नाही हो," ते शेवटी म्हणाले. "इतकी माणसं येत असत."

ते नाकारतील, हे बाईंनी धरलं होतं. पाय धरतील, तेही धरलं होतं. दोन्हीची तयारी होती. पण ज्याच्यासाठी आपण जन्म काढला त्याला आपला बाप आठवतच नाही, याची तयारी नव्हती. त्या दिवशी बाई घरी जाऊन जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर लगबगीने आले. डोळ्यांत पाणी. "मॅडम, आठवलं! रात्रभर विचार केला. तुमचे वडील. सडसडीत बांधा. हातात छत्री होती त्यांच्या, बरोबर ना? बिचारे छत्री टेकत टेकत आले होते. मला माफ करा."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. बाबांकडे छत्री कधीच नव्हती. पावसात ते डोक्यावर पोतं घेत, कारण एका हातात बॅटरी आणि एका हातात वही असे. या माणसाने आठवणीवरसुद्धा खोटी सही ठोकली होती. समोरचा नाराज आहे ना, मग द्या त्याला हवा तो कागद! काल रात्री त्यांच्या मनात कुठेतरी एक विचार येऊन गेला होता, की जाऊ दे, म्हातारा आहे, वरच्यांना पत्र लिहून काही सवलत मिळते का बघू. तो विचार तिथेच मेला.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "बसा बाकावर."

दहा दिवस पुरे झाले. गुंडी ठणठणीत होती, उलट सरकारी खाण्यावर थोडी सुटलीच होती. बाईंनी तिला टेबलावर घेतलं, मानेवरून यंत्र फिरवलं, चिपचा नंबर वाचून घेतला. मग फ्रिजमधून लसीची बाटली काढली, सुई भरली आणि ती डॉक्टरांपुढे धरली.

"टोचा."

"मी? माझा अधिकार तर..."

"सहीचा काढलाय. टोचायचा नाही. सही मी करते. आजवर सह्या तुम्ही केल्यात, आता टोचणंही होऊ दे तुमच्या हातून."

"मॅडम, तुम्हीच टोचा. माझ्याने नाही बघवत."

"मग कुत्री इथेच राहील."

मामांनी गुंडीला धरलं. डॉक्टरांनी डोळे मिटून टोचली, तर पहिल्यांदा सुई नुसती केसांतच गेली. दुसऱ्यांदा बरोबर बसली. गुंडी ओरडली, मान वळवून तिने धन्याकडे पाहिलं आणि मग त्याचाच हात चाटला. डॉक्टर टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. पन्नास वर्षांत हजारो जनावरांना टोचलं असेल त्या हाताने. बाईंनी तारीख घातली, सही केली, बाटलीवरचं लेबल सोलून कागदावर चिकटवलं.

डॉक्टरांनी डोळे पुसले. "आता तरी द्याल का कागद?"

"कागदाचं काय, केव्हाही मिळेल. आधी लस अंगी लागू दे. महिन्याने रक्त काढायला आणा. माझ्यासमोर काढायचं. मग तीन महिने."

"तोवर माझी परवानगी संपेल. घर नाही मला इथे. लॉजवाला कुत्री ठेवून घेत नाही."

बाईंनी खांदे उडवले. बाहेर मामा डॉक्टरांना सांगत होते, आमच्या आळीत एक खोली रिकामी आहे बघा, बोलू का मालकाशी? बाईंना मामांचा भयंकर राग आला. मग त्यांनी स्वतःलाच समजावलं, असू दे. राहू दे इथेच. डोळ्यांसमोर.

घरी आल्या तेव्हा आई खिडकीशी बसून कपड्यांच्या घड्या करत होती. बाईंनी पेला भरून घेतला.

"आज संपले त्याचे दहा दिवस," त्या म्हणाल्या.

आईच्या हातातली घडी अर्धीच राहिली. "एवढ्यात?"

बाईंनी पेला तोंडापासून खाली घेतला. इतक्या वर्षांत आईने त्या माणसाबद्दल उच्चारलेला हा पहिला शब्द होता.

"नाही ग," त्या म्हणाल्या. "अजून महिनाभर. मग पुढे तीन महिने. रक्तात काही कमी आलं तर पुन्हा पहिल्यापासून."

"मग ठीक आहे," आई म्हणाली. "पी आता."

बाई प्यायल्या. शेवटचा घोट घशाखाली उतरेपर्यंत आईने घडीला हात लावला नाही.